अडीच घरांची चाल

‘मोठी चूक, तिच्यातली चूक काढली; पुढे प्रवाहाला लागलो तर गाव आले. चार अक्षरे.’

साध्या शब्दकोड्यात ‘शिरूरचे दुसरे नाव’ एवढेच विचारले असते, तर पुणे-नगर रस्त्यावरच्या कुठल्याही एसटी कंडक्टरने तिकीट फाडता फाडता उत्तर दिले असते. कूट शब्दकोड्यात असे सरळ विचारत नाहीत. मोठी चूक म्हणजे घोडचूक. तिच्यातली ‘चूक’ काढली की ‘घोड’ उरते. प्रवाह म्हणजे नदी. घोड अधिक नदी, घोडनदी. वाचताना वाटते की कुणीतरी चुकलेला वाटसरू गावाला लागला. प्रत्यक्षात सूत्र म्हणजे उत्तर तयार करायची कृती असते. यात फसवणूक आहे, पण ती कायद्यात राहून केलेली. सूत्राच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ असलाच पाहिजे, बाकीच्या शब्दांत ते बनवायची रीत असली पाहिजे, आणि त्याखेरीज एकही शब्द जास्तीचा नको. ‘झिमेनेस’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या डी. एस. मॅकनट या इंग्रज शिक्षकाने १९६६ साली पुस्तक लिहून हा दंडक पक्का केला. जगभरचे कूटकोडेवाले आजही त्याच्या नावाने भांडतात.

आमच्याकडे हा दंडक चालवणारे गृहस्थही शिक्षकच. शिरूरला राहतात, मराठी शिकवून निवृत्त झाले, आणि नाव छापायचे नाही या अटीवरच माझ्याशी बोलले. सगळे त्यांना नुसते ‘सर’ म्हणतात. दिवाळीच्या तोंडावर सर पट्टी-पेन्सिलीने एक चौकट आखतात, काळी घरे रंगवतात, आडवी-उभी सूत्रे सुवाच्य अक्षरात लिहितात आणि झेरॉक्स काढून ओळखीच्यांना वाटतात. त्यातल्या काही प्रती दौंडला येतात. कोडे एका विषयावर बेतलेले असते, पण विषय सांगितलेला नसतो, तोही शोधायचा. यंदाच्या कागदावर डोक्याशी एकच ओळ होती: ‘एका आडव्या शब्दाला सूत्र नाही. बाकीचे भरून झाले की अडीच-अडीच घरे चाला.’ आणि तळाशी नेहमीचा नियम: ‘मदत घ्यावी. उत्तर सांगू नये, वाट सांगावी.’

टिंब, काना आणि इंजिन

इंग्रजी कूटकोड्याचे निम्मे भांडवल म्हणजे अक्षरांची उलटापालट. तिथे एका घरात सव्वीसपैकी एक अक्षर बसते, त्यामुळे एका शब्दाची अक्षरे विस्कटून दुसरा शब्द सहज निघतो. मराठीत घरात काना-मात्रेसकट अख्खे अक्षर बसते. नुसत्या बाराखड्या धरल्या तरी अशी अक्षरे चारशेच्या घरात जातात, जोडाक्षरे वेगळीच. अक्षरे विस्कटून मराठीत फारसे काही हाती लागत नाही, आणि आडव्या शब्दातला ‘गी’ उभ्या शब्दातल्या ‘गी’वर बसवताना रचणाऱ्याची दमछाक होते. म्हणून मराठीत रचणाऱ्याने आपली हत्यारे वेगळी घडवायची: काना, मात्रा, वेलांटी आणि टिंब.

सरांचे दुसरे सूत्र पाहा. ‘घोड्याच्या पळण्याला टिंब लागले आणि गाडी जंक्शनला पोचली. दोन अक्षरे.’ घोड्याचे पळणे म्हणजे दौड. तिच्या पहिल्या अक्षरावर टिंब दिले की दौंड. जन्म दौंडात गेला, पण आपल्या गावाच्या पोटात एक घोडा धावतो आहे हे मला त्या दिवशी कळले.

मी अडलो ते पुढच्या सूत्राशी. ‘इनामगावच्या मातीत एकाखाली एक, दौंडला रथाची दिशा फिरली. दोन अक्षरे.’ आमच्या गल्लीत रेल्वेचे एक निवृत्त गार्ड राहतात. या पदाला आता ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, पण काकांना तसे कुणी हाक मारत नाही. त्यांच्या ओट्यावर कागद ठेवला. काकांनी इनामगावचा विचारच केला नाही.

‘‘दौंडला काय व्हायचं, सांग बरं?’’ ते म्हणाले. ‘‘पुण्याहून नगर-मनमाडला जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन काढायचं आणि दुसऱ्या तोंडाला जोडायचं. आलेली शेपूट पुढं, तोंड मागं. आता कॉर्ड लाइन झाली म्हणून बऱ्याच गाड्यांचं ते वाचलं. तुझ्या त्या शब्दाचं इंजिन फिरव.’’

रथ उलटा केला की थर. इनामगावच्या मातीत एकाखाली एक असतात ते थरच. शिरूर तालुक्यातले हे गाव घोड नदीच्या काठी आहे. १९६८ पासून पुढची जवळजवळ पंधरा वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही त्यातली मोठी नावे. ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली, आणि तिचे थर तळापासून वर माळवा, पूर्व जोर्वे, उत्तर जोर्वे असे लागले. काकांना यातले काही माहीत नव्हते. मला इंजिनाचे सुचले नव्हते. उत्तर मात्र दोघांच्या मध्ये पडून होते.

कोर्टात गेलेले कोडे

मदत घेऊन कोडे सोडवणे म्हणजे कॉपी, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती बहुधा बक्षिसांच्या दिवसांतली असावी.

शब्दकोडे हा प्रकार तसा तरुण. २१ डिसेंबर १९१३ च्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन याने ते पहिल्यांदा छापले. इंग्लंडमध्ये त्याला कूट रूप आले ते १९२०च्या दशकात. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून ‘टॉर्कमाडा’ या नावाने एडवर्ड पॉविस मॅदर्स कोडी देऊ लागला. १९३० साली ‘लिसनर’ साप्ताहिकाने सुरू केलेले कोडे तर कठीण आणि विषयबद्ध कोड्यांचे शेवटचे टोक मानले जाते. तिथे घरे भरल्यावर खरे काम सुरू होते: ओळी पुसायच्या, अक्षरे हलवायची, लपलेला मजकूर काढायचा. सरांचा ‘अडीच घरां’चा खेळ याच घराण्यातला.

भारतात शब्दकोडे आले आणि त्याला रोख बक्षिसे चिकटली. ही बक्षीस-कोडी कूट नव्हती. रिकाम्या जागेत दोन-तीन शब्द सारखेच शोभत, आणि संयोजकाने आधीच सीलबंद करून ठेवलेल्या उत्तराशी तुमचा शब्द जुळला तर बक्षीस. प्रत्येक प्रवेशिकेला फी. मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवला. बंगळुरूहून ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातून कोड्यांची स्पर्धा चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला त्याविरुद्ध कोर्टात गेले. उच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली, पण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९५७ मध्ये राज्याच्या बाजूने निकाल दिला: ही कोडी म्हणजे जुगार, आणि जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही. त्याआधी १९५५ साली केंद्राचा बक्षीस स्पर्धा कायदाही आला होता. महिन्याची बक्षिसे हजार रुपयांच्या वर नकोत आणि प्रवेशिका दोन हजारांच्या वर नकोत, अशी त्याची मर्यादा. त्याच सुमाराच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली: ज्यात खरोखर कौशल्य लागते त्या स्पर्धा या कायद्याच्या कचाट्यात येत नाहीत.

म्हणजे नशीब आणि कौशल्य यांतली रेघ या देशात शब्दकोड्यावरून आखली गेली. आजही ऑनलाइन खेळांच्या खटल्यांत वकील याच निकालांची पाने उलटतात. कूटकोडे या रेघेच्या कौशल्याच्या बाजूला ठाम उभे आहे, कारण त्याचे उत्तर सील फोडून पाहावे लागत नाही. ‘घोडचूक वजा चूक अधिक नदी’ हा हिशेब जमला की ते बरोबर, हे कुणी न सांगता कळते. मग विचारले तर बिघडले कुठे? बक्षीसच नाही, तिथे कॉपी कसली?

दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची पैज लावली होती. त्यातल्या काहींना पुढे ब्लेचली पार्कला शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायच्या कामावर घेतले. परीक्षा एकेकट्याची झाली, काम मात्र गटाने करायचे होते. भाषा जाणणारे, गणिती, बुद्धिबळपटू अशी सगळी भट्टी एकाच आवारात होती.

बारामतीची शाखा

दौंडहून रेल्वेचा एक फाटा बारामतीला जातो. मराठी कूटाची एक शाखाही तिकडेच निघते. मोरोपंत १७२९ साली पन्हाळ्याला जन्मले, पण त्यांचे आयुष्य गेले बारामतीत, आणि १७९४ साली तिथेच ते वारले. शाळेत आपल्याला ‘केकावली’ शिकवतात आणि १०८ रामायणांचा आकडा सांगून सोडून देतात. कोडी रचणाऱ्याच्या नजरेने ती रामायणे पाहिली तर डोळे विस्फारतात. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठ मिटून उच्चारायचे एकही अक्षर नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. ज्या कथेच्या नायकाच्या नावातच ‘म’ आहे, ती कथा ‘म’शिवाय सांगायची! ‘मंत्र रामायणा’त ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे ओळींत क्रमाने पेरलेली. वाचणारा कथेत रमतो, शोधणारा अक्षरे वेचतो.

सर म्हणाले, ‘‘लिसनरवाले ज्याला थीम म्हणतात ना, ती पंतांनी अडीचशे वर्षांपूर्वी केलीय. चौकट तेवढी आखली नव्हती.’’

पंतांची कूटे विद्वानांसाठी होती असे म्हणावे, तर गावकऱ्यांसाठीही कारखाना होताच. त्याचे नाव कलगी-तुरा. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एका फडाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत जवाब द्यायचा. सवालात आकडे आणि रूपके कोंबलेली असत: पाच म्हटले की पंचमहाभूते, सहा म्हटले की षड्रिपू, नऊ दारे म्हटली की देह. जवाब सुचला नाही तर हार. पण तो शाहिराला एकट्यालाच सुचायला हवा असा दंडक नव्हता. मागे झीलकरी असत, ढोलकीवाला असे, पुराण ऐकून कान तयार झालेला एखादा म्हातारा असे. डफाच्या आडून कुणीतरी एक शब्द पुटपुटे, शाहीर तो उचले आणि कवन बांधे.

ही परंपरा इथे पुस्तकातली नाही. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईने तमाशाला कलावंत दिले, वगनाट्ये आणि लावण्या लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर दिले. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार २०१८ साठी त्यांना मिळाला. दौंड तालुक्यात सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याला कला केंद्रांत अजून ढोलकी वाजते.

म्हणून सरांचे हे सूत्र घेऊन मी थेट चौफुल्याच्या एका ढोलकीपटूकडे गेलो: ‘कलगीसमोर उभा राहिला, काना टाकून गवळणीला सुरुवात केली आणि उधळला. तीन अक्षरे.’

त्याने सूत्र दोनदा मोठ्याने म्हणायला लावले. ‘‘कलगीसमोर कोण, ते तर पोरगंबी सांगंल. तुरा. त्याचा काना टाका. आता गवळणीची सुरुवात म्हंजे पेंद्या आला, मावशी आली...’’

‘‘तेवढं नको, फक्त पहिलं अक्षर.’’

‘‘मग ग. तुरग. ह्ये काय आसतं?’’

घोडा, मी म्हणालो. ‘‘आयला,’’ तो हसला, ‘‘मंग उधळंलच की!’’

विषय उघडा पडला होता. शिरूरची घोडनदी, दौंडातली दौड, रथ, तुरग. कोडे घोड्यांचे होते. एकदा हे कळल्यावर बाकीची सूत्रे भराभर बोलू लागली. ‘बापा, गावातच दडलीय घोडी बांधायची जागा’: ‘बापा, गावातच’ या अक्षरांतच ‘पागा’ सलग दडली आहे. ‘गदाधारी पांडव काठावर उभा, तिथली तट्टे नावाजलेली’: थडी म्हणजे काठ, म्हणून भीमथडी. भीमेकाठची ही तट्टे मराठी फौजांची पाठ होती. आजचा दौंड तालुका पूर्वीच्या भीमथडी तालुक्यातलाच, आणि भीमथडी घोड्याची आता देशी जात म्हणून अधिकृत नोंदही झाली आहे. शिरूरचे घोड्यांशी नाते निव्वळ नदीच्या नावापुरते नाही. तिथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ ला कॅप्टन स्टाँटनची जी तुकडी कोरेगावच्या दिशेने निघाली, ती याच छावणीतून, आणि तिच्यासोबत पूना ऑक्झिलरी हॉर्सचे स्वार होते.

अडीच घरे

चौकट भरली. सूत्र नसलेला चार अक्षरांचा आडवा शब्द तेवढा कोरा राहिला.

अडीच घरे कोण चालतो हे बुद्धिबळ खेळणाऱ्या पोरालाही माहीत असते. या चालीची कोडी आपल्याकडे फार जुनी आहेत. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त तुरगपदबंध दिला आहे: श्लोकाची अक्षरे पटाच्या घरांत मांडायची आणि घोड्याच्या चालीने वाचली तरी तोच श्लोक निघायचा. काशीला स्थायिक झालेल्या मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठांच्या ‘भगवंतभास्करा’त पटावरची सगळी घरे घोड्याने कशी फिरावीत याची रीत आहे. पण सरांच्या चौकटीत घोडा कुठून सोडायचा?

इथे मदतीला आला सरांचाच एक जुना विद्यार्थी. रांजणगाव एमआयडीसीत नोकरी करतो, शिफ्ट संपल्यावर फोन करतो. त्याने घोड्याचा विचार केला नाही, सरांचा केला.

‘‘सर साधा शब्द बसत असताना अवघड शब्द घालत नाहीत. मग खालच्या कोपऱ्यात ‘उत्थान’ कशाला? ‘त्था’ हे अक्षर मराठीत मिळतं कितीसं? त्यांना ते हवंच होतं म्हणून घातलंय. तिथं बोट ठेव आणि अडीच घरं मागं-पुढं बघ.’’

बोट ठेवले. पुढे अडीच घरांवर ‘माळवा’चा ‘मा’. मागे अडीच घरांवर ‘ईश्वर’चा ‘श्व’. आणि त्याच्या मागे ‘अबलख’चा ‘अ’. अश्वत्थामा.

आता गार्डकाका अडून बसले. ‘‘कोडं घोड्यांचं आणि अश्वत्थामा तर हत्ती! भीमानं मारलेला. सरांनी घोळ घातलाय.’’ मलाही क्षणभर पटले. हत्तीचे नावही अश्वत्थामा होतेच, त्याशिवाय द्रोणाचार्य फसले नसते. वाद मिटवला काकांच्या बहिणीने. आत्याबाई शाळेत फार गेल्या नाहीत, पण चातुर्मासातली भारताची पोथी त्यांनी उभ्या आयुष्यात कधी चुकवली नाही. आतून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, ‘‘अरे, हत्ती मागाहून. द्रोणाचा मुलगा जन्मला तो घोड्यासारखा खिंकाळला, म्हणून त्याचं नाव अश्वत्थामा ठेवलं. पोथीत आहे.’’

सरांना फोन लावला. त्यांनी उत्तर बरोबर आहे की चूक ते सांगितले नाही; एवढेच विचारले, ‘‘घोडा कुणाला सापडला?’’ आत्याबाईंना, असे सांगितल्यावर म्हणाले, ‘‘मग पुढच्या वर्षी एक प्रत त्यांच्या नावाची.’’

उरलेले काम

या एका कागदाला काय काय लागले याचा विचार करा. रेल्वेचे इंजिन, इनामगावचे उत्खनन, गवळण, बुद्धिबळ, पोथी, आणि रचणाऱ्याच्या स्वभावाची ओळख. हे सगळे एका डोक्यात असणारा माणूस मला माहीत नाही, आणि असलाच तर त्याला कोडे सोडवण्यात मजा कसली? विषयबद्ध कूटकोडे सोडवण्याचे कौशल्य निम्मे शब्दांचे असते आणि निम्मे कोणाला काय विचारावे याचे. त्यातली खरी शिस्त आहे ती मदत देणाऱ्याची. काकांना ‘थर’ हे उत्तर माझ्याआधी सुचले होते, हे त्यांनी नंतर कबूल केले. तरी ते ‘इंजिन फिरव’ एवढेच म्हणाले. उत्तर सांगून टाकायचा मोह आवरणे हे उत्तर शोधण्यापेक्षा अवघड आहे.

मराठी वर्तमानपत्रांत रोज शब्दकोडी येतात, पण बहुतेक समानार्थी शब्दांची. कूट आणि विषयबद्ध कोडे नियमाने रचणारे हात थोडे, आणि छापणाऱ्या जागा त्याहून थोड्या. ‘द हिंदू’ने १९७१ पासून इंग्रजी कोडे चालवून दक्षिणेत सोडवणाऱ्यांची आणि रचणाऱ्यांची फळी उभी केली. मोरोपंतांच्या आणि कलगी-तुऱ्याच्या भाषेला ते जमू नये, याला कारण नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांना एकच विनंती: भविष्याला जितकी पाने देता, त्यातले एक पान याला द्या. आणि रचणाऱ्याचे नाव छापा, अर्थात त्याची हरकत नसेल तर.

सरांचे एक सूत्र मी मुद्दाम मागे ठेवले आहे. ‘मैदानातली हाक आणि सिंहांचे रान, दोन्ही पाठीवर. तीन अक्षरे.’ याचे उत्तर या अंकात कुठेही छापलेले नाही. अडलात तर फराळाला आलेल्या पाहुण्यांना विचारा. त्यांना आधी सुचले, तर उत्तर न सांगता वाट तेवढी सांगायला लावा.